गुरुवारच्या घराची लाल ओळ

१

गुरुवारी संध्याकाळी भारती जेवायला आली नाही, तेव्हा कुसुमावती गलगलीबाईंना आधी रागच आला. भरल्या वांग्यांचं एण्णेगायी झालं होतं, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि पोरीचा पत्ता नव्हता. येणार नसलं तर कळवावं, एवढी शिस्त त्यांनी पहिल्याच गुरुवारी घालून दिली होती. जन्मभर धारवाडच्या मराठी शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या बाई त्या. शिस्त मोडली की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

"कॉलेजात दिसली का गं ती तुला?" त्यांनी नातीला विचारलं. दीपश्रीचे आईबाप पुण्याला होते आणि ती शिकायला अज्जीजवळ राहत होती. भारती तिच्याच कॉलेजात, तिच्याच वर्गात होती.

"नाही," काकडी चिरता चिरता दीपश्री म्हणाली आणि चिरतच राहिली.

बाईंनी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर भारतीनं तो उचलला.

"मी गावाकडं आलेय, बाई. आता यायची न्हाई मी."

"यायची नाही म्हणजे? परीक्षा तोंडावर आली की!"

"कॉलेजलाबी न्हाई येणार. बाई, एक ऐकाल? तो फोटो कुणी काढला ते शोधू नका."

"कसला फोटो?"

फोन बंद झाला होता. बाई तो कानालाच धरून उभ्या होत्या, तेवढ्यात तो थरथरला. मराठी मंडळातल्या राघवेंद्र वकिलांनी काही तरी पाठवलं होतं. बाईंनी चष्मा चढवला आणि खुर्चीत बसल्या, कारण उभं राहून बघण्यासारखं ते नव्हतंच.

२

धारवाडच्या मराठी मंडळाचा 'वार' नावाचा उपक्रम बाईंच्याच डोक्यातून निघाला होता. परगावचा विद्यार्थी आठवड्यातल्या ठरल्या वारी ठरल्या घरी जेवायचा, ही जुनी चाल. कन्नडमध्ये तिला वारान्न म्हणतात. पूर्वी ती ठरावीक जातीच्या मुलांपुरतीच असे. बाईंनी भर सभेत उभं राहून सांगितलं होतं, की भूक कुणाची जात विचारत नाही. मग खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना वार लागले आणि मंडळाची वेबसाइटही झाली.

अडचण एकच होती, ती लाजेची. दुसऱ्याच्या घरी जेवून शिकतोय हे चारचौघांत कळलेलं कुठल्या मुलाला आवडेल? म्हणून वेबसाइट करणाऱ्या अनिशनं सभासदांसाठी एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्राम, बसवलं होतं. त्यात शॉर्टकोड नावाची सोय होती. मजकुराच्या आधी आणि नंतर चौकोनी कंसात हुकूम लिहून ठेवायचा, की हा भाग अमुक सभासदालाच दाखव. पान एकच, पण ज्याच्या त्याच्या नावाप्रमाणे दिसायचं वेगळं. पंगतीत वाढपी एकच असतो, पण उपास असणाऱ्याच्या पानात तो न विचारता साबुदाणा वाढतो, तसंच हे. भारतीचा मजकूर तिच्या तीन घरांनाच दिसे: मंगळवारच्या, गुरुवारच्या आणि शनिवारच्या. बाकी जगासाठी त्या जागी 'हा भाग सभासदांसाठी आहे' एवढंच येई.

आणि आता तोच मजकूर कुणी तरी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. फोटोचा वरचा भाग कापलेला होता. खाली मात्र सगळं स्वच्छ वाचता येत होतं: भारती, गाव अळणावरजवळ, वडील नाहीत, आई भागीरथी धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात झाडलोट करते, मुलगी लाजरी आहे, आग्रह करून वाढावं. त्याच्या खाली लाल अक्षरांत एक ओळ होती: 'ही माहिती घराबाहेर जाऊ देऊ नये.'

फोटोखाली कुणी तरी लिहिलं होतं, "नमस्कार वारान्न मॅडम, आज कुणाच्या घरी?" आणि त्याखाली हसणारी तोंडं, एकाखाली एक.

'आग्रह करून वाढावं' हे वाक्य बाईंनीच मायेनं लिहिलेलं. आता ते त्यांना वाचवेना. त्यांनी फोन उपडा ठेवला.

"एवढी लाल ओळ डोळ्यांसमोर असताना कुणाचा हात धजला हा?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "शोधून काढते. शाळेत वहीचा कागद चोरणारं पोर मी नुसतं बघून ओळखायची."

दीपश्रीनं ताट पुढं सरकवलं. "जेव की अज्जी. गार होतंय."

३

मंगळवारचं घर वत्सला हुद्दारांचं. केलगेरीच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा टुमदार बंगला होता, आणि त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही ही सगळ्या धारवाडाला ठाऊक असलेली गोष्ट होती. बाई अर्धा निकाल घरूनच लावून निघाल्या होत्या.

"अय्यो, कुसुमक्का, माझ्यावर संशय?" वत्सलाबाईंच्या हातातली चहाची बशी कलली. "माझं तोंड सैल आहे, कबूल. पण त्या लेकराबद्दल मी भावजयीलासुद्धा बोलले नाही. फोटो काढणं तर मला येतच नाही बघा."

"काढून देणारे पुष्कळ असतात. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं तरी वाचलं असतं तुम्ही."

"कुठलं लाल?"

"माहिती घराबाहेर जाऊ देऊ नये म्हणून."

"असं काही नाही की हो तिथं. मी दर मंगळवारी उघडते. आग्रह करून वाढावं, इथं संपतंय."

बाईंच्या ओठांवर जुनं, शाळेतलं हसू आलं. गृहपाठ न केलेली पोरं असंच सांगायची, बाई, फळ्यावर लिहिलंच नव्हतं. वाचलंच नाही म्हटलं की नियम मोडल्याचा दोष उरत नाही. सोयीचं होतं.

"वत्सलाबाई, यापुढं तुम्ही वार घेऊ नका," त्या उठत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराची अब्रू सांभाळणं सगळ्यांना जमत नाही."

वत्सलाबाई रडल्या. बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. आपण चोर पकडला या समाधानात त्या रस्त्यावर आल्या. पण शनिवारच्या घरी जाऊन नुसती खातरी करून घ्यावी, म्हणून त्यांनी रिक्षा केली, आणि तिथंच पहिली ठेच लागली.

४

राघवेंद्र इनामदार वकिलांचा या उपक्रमाला सुरुवातीला विरोध होता. दिलेलं जेवण झाकून ठेवावं लागत असेल तर ते देऊच नये, असं ते म्हणाले होते. नंतर मात्र त्यांनीच शनिवार मागून घेतला. विरोध करणारा माणूस सूडही घेऊ शकतो, हे बाईंच्या मनात होतं.

"फोटोबद्दल विचारायला आलात ना? विचारा की," वकील म्हणाले. "पण मलाही एक विचारू द्या. तुमचा संशय कुणावर?"

"वत्सलाबाईंवर. ती लाल ओळ पाहिलीच नाही म्हणतात. डोळ्यांदेखत खोटं!"

वकिलांनी भुवया उंचावल्या. त्यांनी टेबलावरच्या संगणकावर मंडळाचं पान उघडलं, आपलं नाव घातलं आणि पडदा बाईंकडं फिरवला. भारती, अळणावरजवळचं गाव, आई बेलूरला, आग्रह करून वाढावं. त्याच्या खाली पांढरं कोरं होतं.

"मीही पाहिलेली नाही," ते म्हणाले. "फोटोत दिसली तेव्हा मला वाटलं, पोरांनीच खोडसाळपणानं जोडली असेल. दोन साक्षीदार वेगवेगळे भेटून एकच सांगायला लागले, की आम्ही वकील काय समजतो माहीत आहे का बाई? एक तर दोघांनी संगनमत केलंय, नाही तर दोघं खरं बोलताहेत."

बाईंनी पर्समधून आपला टॅब काढला. त्यांचा तो कायम उघडाच असायचा, सारखा पासवर्ड कोण घालत बसणार? त्यांनी पान उघडलं. लाल ओळ जिथल्या तिथं होती.

वकील वाकून ती बघत राहिले. मग खुर्चीत मागं रेलले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही हुबळीला अनिशकडं जाऊन या. मला जे वाटतंय ते माझ्या तोंडून नको."

५

हुबळीला जाणाऱ्या बसमध्ये बाईंनी स्वतःला पुष्कळ समजावलं. अनिशच चोर असणार. सगळ्या चाव्या त्याच्याकडं. फोटो बाहेर गेल्यावर बाकीच्यांची ओळ त्यानं पुसली असेल आणि माझी पुसायची राहिली असेल. वाटेतलं नवलूर येईपर्यंत हे त्यांना पटलं. पुढं मात्र पटेना. चोराला ओळ पुसून मिळणार काय होतं?

विद्यानगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर अनिशचं ऑफिस होतं. तिशीतला, बोलका गडी. कामापेक्षा कामाबद्दल जास्त बोलायचा.

"या बाई! चहा सांगतो."

"चहा राहू दे." बाईंनी फोनवरचा तो फोटो उघडून टेबलावर ठेवला. "ही लाल ओळ कुणाकुणाला दिसते, तेवढं सांग."

अनिशनं पान आतल्या बाजूनं उघडलं. मजकुराच्या मागंपुढं चौकोनी कंसांची रांग होती. त्यातल्या शेवटच्या कंसावर त्यानं बोट ठेवलं आणि हसला. "ही होय? ही तुमचीच की. तुम्ही म्हणाला नव्हतात का, खाली एक ताकीद टाक म्हणून? लाल बरी दिसते की काळी, ते बघायला मी आधी फक्त तुमच्या खात्याला लावली. फोन केला होता तुम्हाला, की बघून हो म्हणा, मग सगळ्यांना लावतो. तुम्ही सभेत होता. नंतर बघते म्हणालात. मग तुमचा फोन नाही आला, आणि मीही विसरलो."

बाईंनी ओळ पाहिली होती. लाल बरी दिसते असं त्यांना वाटलंही होतं. काम झालं असं समजून त्यांनी ते मनातून काढून टाकलं होतं. आपल्याला दिसतं ते सगळ्यांना दिसतंच, हे त्या धरूनच चालल्या होत्या. जन्मभर त्या तसंच धरून चालत आल्या होत्या.

"म्हणजे ही ओळ दुसऱ्या कुणालाच..."

"कुणालाच नाही. मलाही नाही, मी नुसता हुकूम बघतो. ती दिसते ती फक्त गुरुवारच्या घ..." अनिशचं हसू थांबलं. त्यानं टेबलावरच्या फोटोकडं पाहिलं, मग बाईंकडं, आणि पुन्हा बाईंकडं बघायचं टाळलं.

खाली झेरॉक्सचं यंत्र खटखटत होतं.

"बाई, मी तेव्हाच म्हणालो होतो," तो खाली बघत म्हणाला, "की माणसागणिक वेगळं खातं करू."

म्हणाला होता. आणि बाईंनी त्याला झिडकारलं होतं: वार घराचा असतो, माणसाचा नसतो. घरात काय लपवायचं? एका घराला एक नाव, एक पासवर्ड. सभेत टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. अनिशचं कुलूप एका नावाला एक माणूस धरत होतं, आणि बाई एक अख्खं घर धरत होत्या.

"एक करू का?" अनिशनं आवाज खाली आणला. "मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, प्लगइनमध्ये बिघाड झाला, माहिती बाहेर पडली. शॉर्टकोडचं कुणाला काय कळतंय? माझंही नाव जाईल थोडं, जाऊ दे. तुमचं नको."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी पदरानं मान पुसली, आणि तोंडातून आलं, "उद्यापर्यंत थांब." जिना उतरताना त्यांना स्वतःचीच किळस आली. वत्सलाबाईंना रडवायला त्या उद्यापर्यंत थांबल्या नव्हत्या.

६

घरी दीपश्री जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत होती. लोणच्याच्या बरणीला टेकवून टॅब ठेवायची नेहमीची जागा रिकामी होती. बाईंनी तो पर्समधून काढून तिथं ठेवला आणि पान उघडलं.

शाळेत असताना त्या पोराच्या डोळ्यांत बघत आणि गप्प राहत, की पोर आपोआप बोले. आज त्यांनी बघायचा प्रयत्न केला आणि त्यांचीच नजर खाली गेली.

"मी ग्रुपवर नाही टाकला, अज्जी," दीपश्रीच म्हणाली. "फक्त वर्गातल्या पद्माला पाठवला होता. वरचं तुझं नाव कापून. तिनं पुढं टाकला."

"का पाठवलास?"

"सगळ्या विचारत होत्या, ती दर गुरुवारी तुमच्याकडं कशी गं, नात्यातली का तुमच्या? तिचा तो एकच ड्रेस, ते बोलणं... मला लाज वाटली. ती आमची कुणी नाही, वारावर येते, एवढंच दाखवायचं होतं मला." ती रडायला लागली होती. "असं होईल वाटलं नाही मला."

"खाली लिहिलेलं वाचलं नाहीस?"

"वाचलं. पण तूच म्हणतेस ना, वार घराचा असतो? मला वाटलं, मी घरातलीच की. माझा पण आहे तो. मी कुणाला सांगायचं ते मी ठरवीन."

बाईंना तिच्या मुस्काटात एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि ती कुणाच्या मुस्काटात बसेल तेही कळलं. दर गुरुवारी आपण भारतीच्या पानात वाढत होतो, तेव्हा समोर बसलेली आपली नात मान खाली घालून भराभरा जेवून उठायची. ते आपण बघत होतो. अभ्यास असेल म्हणत होतो. साऱ्या शाळेच्या पोरांचे चेहरे वाचणाऱ्या बाईंना स्वतःच्या टेबलावरचा चेहरा वाचता आला नव्हता.

सकाळी त्यांनी अनिशला फोन करून बिघाडाचं काही टाकू नकोस म्हणून सांगितलं. मग मंडळाच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं: 'फोटो माझ्या घरातून गेला. दोष यंत्राचा नाही.' दोन वाक्यं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. त्यानंतर त्या केलगेरीला गेल्या. वत्सलाबाईंनी दार उघडलं, आत या म्हटलं, चहाही दिला, फक्त कुसुमक्का म्हणाल्या नाहीत. गलगलीबाई म्हणाल्या.

७

अळणावरच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं. रविवार होता, त्यामुळं भागीरथी घरीच होती. धारवाडच्या बाई नातीला घेऊन आपल्या दारात आल्या म्हटल्यावर तिची धांदल उडाली. तिनं चटई अंथरली, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. नको म्हणायला तिनं उसंतच दिली नाही.

भारती घागर घेऊन परसात गेली. बाई तिच्या मागोमाग गेल्या, आणि त्यांच्या मागं दीपश्री.

"भारती, तो फोटो..."

"मला पयल्या दिवशीच कळलं होतं, बाई," भारती घागर उतरवत म्हणाली. "कॉलेजात मी वारावर जेवते हे एकीलाच माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस? मी गावभर चोर शोधत फिरले. वत्सलाबाईंना नाही नाही ते बोलले."

"तुमच्या घरचं जेवलेय मी," भारती म्हणाली. "तुमचं नाव कसं घेऊ?"

ती रागानं बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. दीपश्री माफी मागायला पुढं झाली. भारतीनं तिच्याकडं पाहिलं. "माफीबिफी नको. कॉलेजात दिसले की वळख दाखव. तेवढं पुरं."

"म्हणजे येशील तू?" बाईंनी विचारलं.

"परीक्षेला येते. जेवायला न्हाई येत. खोलीवर करून खाईन." मग तिनं घराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आईला काय बी बोलू नका, बाई. कॉलेजला सुट्टी हाय सांगितलंय. तिला वाटतंय, तिकडं मी तुमच्यात घरच्यासारखी जेवते. ती समद्या गावात तेच सांगत असती."

माफी मागण्याची सारी वाक्यं बाईंनी बसमध्ये जुळवली होती. ती आता गिळूनच टाकावी लागली. आत पानं मांडली होती. भारतीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटीत ताक. बाई खाली मान घालून बसल्या. घास हातात होता, तो वर जाईना. नात शेजारी तशीच बसलेली, तिलाही मान वर करता येत नव्हती.

भागीरथी तव्यावरची गरम भाकरी घेऊन आली, बाईंच्या पानाजवळ टेकली आणि हसली.

"का हो, हात आखडून बसलाय? भारती सांगती मला, तुम्ही तिला कसं आग्रह करून वाढता ते. पोरगी लाजरी माझी, तरी तुमच्यात पोटभर जेवती." तिनं ती सबंध भाकरी त्यांच्या पानात ठेवली. "तुम्ही बी लाजू नका, बाई. आपलंच घर समजा. जेवा."